गर्भजल येतं कुठून आणि जातं कुठं?

सातव्या-आठव्या महिन्यातली सोनोग्राफी होते, रिपोर्ट हातात येतो आणि त्यात गर्भजलाच्या, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या, मापाची एक ओळ असते : ‘एएफआय ७.५ सेमी’. खोलीतून बाहेर पडता पडता कुणीतरी म्हणतं, “पाणी जरा कमी वाटतंय.” तेवढ्या एका वाक्यानं घराची झोप उडते. पुढचे आठ दिवस त्या बाईच्या हातात कुणी ना कुणी पाण्याचा ग्लास ठेवत राहतं. ती बिचारी तो पिते आणि मनात विचारत राहते : हे पाणी नेमकं कुणाचं? मी प्यायलेलं? आटलं तर परत भरतं का? आणि पाणी सेंटिमीटरमध्ये कसं काय मोजतात?

हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांना नीट उत्तरं आहेत. तपासणीच्या घाईत ती उत्तरं द्यायला कुणाला वेळ मिळत नाही, म्हणून हा लेख.

हौदाचं गणित, पण हौदात कुणीतरी राहतंय

शाळेत हौदाची गणितं सगळ्यांनीच सोडवली आहेत. एका नळानं हौद भरतो, दुसऱ्या नळानं रिकामा होतो, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात काय होईल? गर्भजल म्हणजे अगदी हेच गणित आहे. हौद म्हणजे पाणमोट, बाळाभोवतीची पातळ पडद्याची पिशवी. गंमत अशी की या हौदाचा भरणारा नळही बाळ आहे आणि उपसणाराही मुख्यतः बाळच आहे. आई पाणी पुरवते, पण ते थेट हौदात पडत नाही.

आता आकडे बघू. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला पाणमोटेत जेमतेम २५-३० मिली पाणी असतं. विसाव्या आठवड्यात ते सुमारे ४०० मिली होतं, तेहतिसाव्या-चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास सरासरी ८०० मिलीच्या घरात पोचतं, आणि तिथून हळूहळू उतरू लागतं. दिवस भरून गेल्यावर ही उतरण जास्त जाणवते. हे सरासरीचे आकडे आहेत. अगदी निरोगी गर्भारपणातही कुणाचं पाणी तीनशे-साडेतीनशे मिली असतं, तर कुणाचं दोन लिटरच्या जवळ जातं.

विसाव्यापासून तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत साधारण नव्वद दिवसांत पाणी ४०० मिलीनं वाढतं. म्हणजे दिवसाला चार-पाच मिली, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा लहान चमचाभर. पण शेवटच्या महिन्यांत या हौदात रोज जवळपास एक लिटर पाणी येतं आणि तेवढंच बाहेर जातं. एक लिटर आत, एक लिटर बाहेर, आणि शिल्लक एक चमचा. रोज फक्त ५० मिलीचा हिशेब चुकला तरी महिन्याभरात दीड लिटरचा फरक पडेल. तसा तो बहुतेकांच्या बाबतीत पडत नाही. मला या सगळ्या विषयात याचंच सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं.

आधी पाणी बाळाच्या त्वचेतूनच झिरपतं

पहिल्या काही महिन्यांत बाळाची त्वचा इतकी कोवळी असते की पाणी आणि क्षार तिच्यातून सहज ये-जा करतात. तेव्हाचं गर्भजल रक्तातल्या पातळ द्रवासारखंच असतं. साधारण बावीस ते पंचवीस आठवड्यांच्या दरम्यान त्वचेवर टणक थर धरतो आणि हा रस्ता बंद होतो. तोवर बाळाची मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात. पुढचा हिशेब मुख्यतः त्यांचा.

“म्हणजे बाळ स्वतःची लघवी पितं?”

हो. हे ऐकून नाक मुरडलं जातं, पण लघवीची किळस आपल्याला वाटते ती आपल्या लघवीमुळे. आपल्या शरीरात रक्तातली घाण बाहेर टाकायला मूत्रपिंडाशिवाय मोठा मार्ग नाही, म्हणून आपली लघवी दाट आणि उग्र असते. पोटातल्या बाळाची घाण नाळेतून वारेकडे (प्लासेंटाकडे) जाते आणि तिथून आईच्या रक्तात. ती गाळून टाकायचं काम आईची मूत्रपिंडं करतात. त्यामुळे बाळाची लघवी बरीचशी पाणीच असते, बाळाच्या रक्तापेक्षाही पातळ. हा पातळपणा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

बाळ दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या आसपास लघवी करू लागतं. विसाव्या आठवड्यात ती तासाला साधारण ५ मिली असते. दिवस भरत येतात तेव्हा दिवसाला ८०० मिली ते १ लिटर, काही मोजणींत त्याहूनही जास्त. अंगाच्या वजनाच्या मानानं आपण एवढी लघवी केली तर दिवसभर दुसरं काही करताच येणार नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर हे प्रत्यक्ष दिसतं. बाळाच्या ओटीपोटात एक काळा गोल ठिपका असतो, तो मूत्राशय. थोडा वेळ थांबलं तर तो फुगत जातो, मग एकदम आक्रसतो, आणि पुन्हा भरू लागतो. अर्ध्या-पाऊण तासाचं हे चक्र अखंड चालू असतं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पाणी कमी दिसलं की आधी या ठिपक्याकडे बघतात, कारण तो भरत-रिकामा होत असेल तर नळ चालू आहे.

दुसरा, लहान नळ म्हणजे फुप्फुसं. पोटात बाळ हवेत श्वास घेत नसलं तरी त्याची फुप्फुसं रिकामी नसतात. ती स्वतः एक द्रव पाझरवत असतात, दिवसाला सुमारे ३०० ते ४०० मिली. त्यातला निम्मा घशात येताच गिळला जातो आणि उरलेला पाणमोटेत पडतो. फुप्फुसं याच द्रवानं ताणलेली राहतात आणि वाढतात. बाहेर पाणी खूप कमी झालं की आतला द्रवही निसटतो आणि फुप्फुसं वाढायचीच थांबतात. पाणी फार लवकर, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यात आटलं तर डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो तो मुख्यतः यासाठी.

उपसा

बाळ पाणी गिळतं. अकराव्या आठवड्याच्या सुमाराला सुरुवात होते आणि शेवटी शेवटी ते दिवसाला ५०० मिलीपासून काही वेळा लिटरभरापर्यंत गिळतं. गिळलेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं. त्यातलं काही पुन्हा लघवी होऊन पाणमोटेत येतं, काही वारेतून आईकडे परततं. पाण्याबरोबर त्वचेच्या सुट्या पेशी, अंगावरची बारीक लव, पांढऱ्या चिकट थराचे कण, असं बरंच काही पोटात जातं आणि त्यातूनच बाळाची पहिली काळपट-हिरवी शी तयार होते.

आता जमाखर्च मांडून पाहा. जमा : लघवी आणि फुप्फुसांतला द्रव मिळून लिटरभर किंवा थोडं जास्त. खर्च : गिळणं, सरासरी सहा-सातशे मिली धरा. मग उरलेलं रोजचं तीन-चारशे मिली जातं कुठं? आईच्या गर्भाशयाच्या भिंतीतून थेट बाहेर जाणारं पाणी फार थोडं, दिवसाला सुमारे १० मिली. हा हिशेब अनेक वर्षं जुळत नव्हता.

हरवलेलं पाणी सापडलं

१९८९ मध्ये विल्यम गिल्बर्ट आणि रॉबर्ट ब्रेस या अमेरिकन संशोधकांनी हे कोडं सोडवणारं काम प्रसिद्ध केलं. गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची अन्ननलिका त्यांनी बांधली, म्हणजे त्याला गिळता येणार नाही. मग पाणमोटेत शुद्ध, क्षार नसलेलं पाणी सोडलं. गिळण्याची वाट बंद असूनही ते पाणी कोकराच्या रक्तात उतरलं. रक्त पातळ झालं ते आधी कोकराचं, नंतर मेंढीचं. म्हणजे पाणी आईकडून फिरून आलं नव्हतं. पाणमोटेतून बाळाच्या रक्तात जायचा सरळ रस्ता होता.

तो रस्ता वारेवर आहे. वारेची एक बाजू गर्भाशयाला चिकटलेली असते आणि दुसरी बाळाकडे तोंड करून असते. बाळाकडच्या या बाजूवर बाळाच्याच रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावर पाणमोटेचा पातळ पडदा अंथरलेला असतो. एका बाजूला गर्भजल, दुसऱ्या बाजूला बाळाचं रक्त, मध्ये एक पडदा. बाळाची लघवी पातळ असल्यामुळे गर्भजलही रक्तापेक्षा पातळ असतं, आणि पातळ बाजूचं पाणी दाट बाजूकडे ओढलं जातं. मिठात घातलेल्या फोडींना पाणी सुटतं तेच तत्त्व इथं चालतं. अशा रीतीनं रोज साधारण २०० ते ५०० मिली पाणी न गिळताच बाळाच्या रक्तात परत जातं. याला शास्त्रात पडद्यातून होणारं शोषण म्हणतात. आपण पडद्याची वाट म्हणू.

त्या पडद्याच्या पेशींमध्ये पाण्यासाठी खास सूक्ष्म दारं असतात. त्यांचं नाव ॲक्वापोरिन. ही प्रथिनं शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातलं एक दार, ॲक्वापोरिन-१, जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांच्या पिल्लांभोवती पाणी नेहमीपेक्षा जास्त साठलेलं आढळलं.

पण नुसत्या ओढीवर एवढा चोख हिशेब राहत नाही. मेंढ्यांवरच्या पुढच्या प्रयोगांत दिसलं की पडद्याच्या वाटेनं पाण्याबरोबर क्षार आणि प्रथिनंही जातात, आणि ती नुसत्या ओढीनं जाऊ शकतील त्यापेक्षा जास्त. याचा अर्थ पेशी छोट्या छोट्या थैल्यांमध्ये गर्भजल भरून ते पलीकडे नेऊन ओततात. हे काम कमी-जास्त करता येतं. कोकराची अन्ननलिका कित्येक दिवस बांधून ठेवली तरी पाणी अपेक्षेइतकं तुंबलं नाही, कारण पडद्याची वाट रुंदावली. प्रयोगांवरून असंही दिसतं की लघवीत या शोषणाला जोर देणारं काहीतरी असतं, तर गर्भजलात त्याला आवर घालणारं काहीतरी. लघवी जास्त आली की शोषण वाढतं, कमी आली की मंदावतं.

म्हणून हौदाच्या गणितात तिसरी गोष्ट धरायला हवी : भिंतीतला एक झिरपा, जो पाण्याच्या मानानं स्वतःच सैल-घट्ट होतो. बाळ किती गिळतं आणि किती लघवी करतं हे बाळाच्या स्वतःच्या गरजेवर ठरतं. हौद काठोकाठ राहावा म्हणून ते गिळत नाही. पातळी सांभाळायचं काम बरंचसं हा पडदा करतो. प्रत्येक दिवसाच्या हेलकाव्यांनंतरही शिल्लक चमचाभर राहते ती बहुतांशी त्याच्यामुळे.

पाणी सेंटिमीटरमध्ये का?

कारण पोटातलं पाणी खरोखर मिलीत मोजायचं तर सुई घालून त्यात रंगद्रव्य सोडावं लागतं, ते मिसळू द्यावं लागतं आणि मग नमुना काढून ते किती पातळ झालं हे बघावं लागतं. संशोधनासाठी हे केलं गेलं आहे, पण रोजच्या तपासणीत कुणी करणार नाही. म्हणून अंदाज. तळ्याचं पाणी किती हे काठी बुडवून सांगण्यासारखा.

पोटाचे बेंबीपासून चार भाग कल्पायचे. प्रत्येक भागात यंत्र उभं धरायचं आणि पाण्याचं जे सर्वांत खोल डबकं दिसेल, ज्यात नाळेचे वेढे किंवा हातपाय आडवे येत नाहीत, त्याची उभी खोली मोजायची. चारही खोल्यांची बेरीज म्हणजे एएफआय. १९८७ पासून ही पद्धत रूढ झाली. साधारण ५ ते २४ सेंटिमीटर हे ठीक मानतात. दुसरी पद्धत याहून सोपी आहे : चारांपैकी एकच, सर्वांत खोल डबकं घ्यायचं. ते २ ते ८ सेंटिमीटरच्या मध्ये असलं की पाणी पुरेसं.

“मागच्या आठवड्यात १२ होतं, आज ९ आहे. तीन सेंटिमीटर गेलं कुठं?” बहुतेक वेळा कुठंही गेलेलं नसतं. बाळ कूस बदलतं, पाय पसरतं, डबकी हलतात. मोजणारा हात बदलतो, यंत्राचा दाब कमी-जास्त होतो. एकाच बाईचं दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं तरी आकडा तोच येईल असं नाही. अकारण घाबरलेल्या किती जणींना हे एक वाक्य आधी सांगायला हवं होतं असं वाटत राहतं.

दोन पद्धतींपैकी कुठली बरी, याचा तीन हजारांहून अधिक गर्भवतींवरच्या चाचण्या एकत्र करून आढावा घेतला गेला. चार डबक्यांच्या बेरजेनं ‘पाणी कमी’ हे निदान जास्त जणींना लागतं आणि त्यापायी कळा आणवण्याचं प्रमाण आणि सिझेरियनही वाढतं, पण बाळांचं त्यामुळे जास्त भलं झालेलं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून पाणी कमी आहे का हे ठरवायला आता एका डबक्याची पद्धत बरी मानली जाते. रिपोर्टमध्ये नुसता एएफआय सीमेवर आला असेल तर ‘सर्वांत खोल डबकं किती आहे?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

“भरपूर पाणी प्यायलं की वाढेल ना?”

काही प्रमाणात हो, आणि कसं ते आता कळेल. आई प्यायलेलं पाणी तिच्या रक्तात जातं आणि रक्त किंचित पातळ होतं. वारेतून आई आणि बाळ यांच्यात पाण्याची देवाणघेवाण सतत चालू असते. आईचं रक्त पातळ झालं की त्यातलं थोडं पाणी बाळाकडे सरकतं, बाळ जास्त लघवी करतं आणि काही तासांनी डबकं जरा खोल दिसतं. पाणी कमी असलेल्या गर्भवतींना थोड्या वेळात दोन लिटर पाणी पाजून नंतर मोजलं तेव्हा एएफआय वाढल्याचं दिसलं आहे. उलट्या, जुलाब, ताप, कडक ऊन यांमुळे आईचं अंग सुकलं असेल तर बाळाकडचं पाणी उलट आईकडे ओढलं जातं. अशा वेळी पोटभर पाणी हाच खरा उपाय.

पण हा उपाय नळाचा दाब वाढवण्यापुरता आहे. नळच बंद असेल किंवा हौदाला भोक पडलं असेल, तर कितीही ग्लास रिचवले तरी उपयोग नाही. पाणी पिणाऱ्या बाईनं ‘मी कमी पडले’ असं मनाला लावून घेऊ नये, एवढं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. बहुतेक कारणं तिच्या तहानेच्या पलीकडची असतात.

कमी पाणी : चार ठिकाणी शोधायचं

पाणी खरोखर कमी असेल, ज्याला रिपोर्टमध्ये ऑलिगोहायड्रॅमनिओस लिहितात, तर डॉक्टर मुख्यतः चार ठिकाणी बघतात.

आधी गळती. पाणमोटेला बारीक चीर गेली असेल तर पाणी थेंबथेंब निसटतं, आणि अनेकींना ती लघवी किंवा नेहमीचा स्राव वाटतो. कपडे सारखे ओले होत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवावं, कारण चिरेतून जंतू आत शिरू शकतात.

मग बाळाची मूत्रपिंडं आणि मूत्रमार्ग. तिथं जन्मजात अडथळा असेल तर मूत्राशयाचा तो काळा ठिपका प्रचंड फुगलेला दिसतो. मूत्रपिंडं नसतीलच तर ठिपका दिसतच नाही.

तिसरी जागा वार, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वार नीट चालत नसेल तर बाळाला प्राणवायू आणि पोषण कमी पडतं. मग बाळाचं शरीर रक्त मेंदू आणि हृदय यांच्याकडे वळवतं आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं. लघवी घटते, पाणी घटतं. म्हणजे इथं कमी पाणी हा आजार नाही, बाळ काटकसर करतंय याची ती खूण आहे. म्हणूनच डॉक्टर अशा वेळी बाळाची वाढ मोजतात, नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करतात आणि हालचाली विचारतात. नुसतं पाणी कमी पण बाकी सगळं ठीक, आणि पाणी कमी शिवाय बाळाची वाढही खुंटलेली, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत लक्ष ठेवून थांबता येतं. दुसरीत बाळ बाहेर काढायचा निर्णय लवकर घ्यावा लागू शकतो. हालचाली कमी जाणवल्या तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

चौथी जागा औषधांची पिशवी. आयबुप्रोफेन गटातल्या वेदनाशामक गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणि लघवी कमी करतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यापासून पुढे त्या टाळाव्यात असा इशारा दिला. डॉक्टरांनी कारणानं दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन त्यात येत नाही, ती मनानं बंद करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्याही, विशेषतः एनालाप्रिलसारख्या, बाळाची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. त्या घेणाऱ्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून घ्यावं.

जास्त पाणी चांगलंच की!

असं वाटतं खरं. पण हौद फुगला की गर्भाशय ताणतं, कळा लवकर सुरू होऊ शकतात, बाळ आडवं-तिरकं राहतं, आणि पाणमोट फुटताच पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरायचा धोका असतो. बाळंतपणानंतर ताणलेलं गर्भाशय नीट आवळलं नाही तर रक्तस्रावही जास्त होतो. रिपोर्टमधलं नाव पॉलिहायड्रॅमनिओस.

कारणं हौदाच्या गणितातूनच निघतात. आईला मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल तर जास्तीची साखर बाळाच्या रक्तात जाते आणि बाळाला मधुमेह्यासारखी जास्त लघवी होते. बाळाचं रक्त फार पातळ पडलं तरी, म्हणजे बाळाला ॲनिमिया असेल तरी, पाणी वाढू शकतं. दुसरीकडे उपसा अडतो : अन्ननलिका किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असणं, मेंदूच्या किंवा स्नायूंच्या दोषामुळे गिळता न येणं. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असेल तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या पोटात शेजारी शेजारी दोन काळे फुगे दिसतात. एवढं सगळं शोधूनही निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडत नाही आणि बाळ धडधाकट जन्मतं, विशेषतः पाण्याची वाढ बेताची असेल तेव्हा.

एक वार, दोन बाळं

हा सगळा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो एकाच वारेवर वाढणाऱ्या काही जुळ्यांत. दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. काही वेळा रक्त एकाकडून दुसऱ्याकडे एकतर्फी वाहू लागतं. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, त्याची लघवी आटते, पाणमोट त्याच्या अंगाला चिकटते. घेणाऱ्याला रक्त जास्त होतं, ते लघवी करत सुटतं आणि त्याच्या भोवती पाण्याचा पूर येतो. एका बाजूचं डबकं २ सेंटिमीटरच्या खाली, दुसऱ्या बाजूचं ८ च्या वर.

पूर्वी यावर सुई घालून जास्तीचं पाणी काढत. ताण कमी व्हायचा, पण पाणी पुन्हा भरायचं, कारण वाहिन्यांची जोडणी तशीच राहायची. २००४ मध्ये एका युरोपीय चाचणीनं दाखवलं की पाणमोटेत दुर्बीण घालून लेसरनं त्या जोडणाऱ्या वाहिन्या बंद केल्या तर नुसतं पाणी काढण्यापेक्षा जास्त बाळं वाचतात आणि मेंदूची इजाही कमी होते. पाण्याला हात न लावता, पाणी बिघडवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या, तेव्हा हे साधलं.

पाणी बाहेरून भरलं तर?

एडिथ पॉटर या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९४६ मध्ये दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळांचं वर्णन केलं : चपटा चेहरा, वाकलेले पाय, अगदी लहान फुप्फुसं. पाण्याची उशी नसल्यामुळे ही बाळं गर्भाशयात दाबली गेलेली असत आणि जन्मल्यावर श्वासाअभावी काही तासांत जात.

अलीकडे अमेरिकेत काही केंद्रांनी अशा गर्भवतींच्या पाणमोटेत सव्विसाव्या आठवड्याच्या आत सुईनं कोमट क्षारद्रव सोडायला सुरुवात केली आणि ते वारंवार केलं. २०२३ च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध झाले. १७ बाळं जिवंत जन्मली आणि त्यांतली १४ दोन आठवडे ओलांडून पुढे गेली. आधी असं जवळपास कधीच होत नसे. फुप्फुसं वाढली होती. पण मूत्रपिंडांविना, डायलिसिसवर, रुग्णालयातून घरी जाईपर्यंत फक्त ६ टिकली. आईबापांनी काय निवडावं हे कुणी दुसऱ्यानं सांगावं अशी ही गोष्ट नाही, पण फुप्फुसांना श्वास घेण्याइतकं मोठं करायला भोवतीचं पाणी लागतं हे यातून दिसलं.

जन्माच्या वेळी फुप्फुसांचं हे काम एकदम उलटं होतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात ॲड्रिनलिन वाढतं आणि इतके महिने द्रव पाझरवणाऱ्या त्याच पेशी तो द्रव शोषून रक्तात परत घेऊ लागतात. जागा मोकळी होते आणि तिथं पहिला श्वास शिरतो. मूत्रपिंडांच्या कामात मात्र खंड नाही. चोवीस तासांच्या आत बाळानं लंगोट ओला केला का, हे नर्स आठवणीनं विचारते. पडद्यावर भरत-रिकाम्या होणाऱ्या त्या काळ्या ठिपक्याचीच ती चौकशी असते.